त्रेसष्ट भांड्यांची खोली

गल्लीला कमान बसली त्या दिवशी घरोघर पेढे वाटले. माझ्याही दारात एक आला. मी तो गल्लीतल्या कुत्र्याला घातला, आणि चार जणांनी बघावं म्हणून मुद्दाम ओट्यावर उभी राहून घातला. कमानीवर लिहिलंय, ‘सुंदर गल्ली, स्वच्छ गल्ली, शिक्षित गल्ली’. पहिले दोन शब्द चालवून घेते मी. तिसऱ्याचं आता सांगते.

मी देवपुरात राहते. धुळ्याचे लोक देवपूरला नदीपलीकडचं म्हणतात, आम्ही धुळ्याला म्हणतो. भडगावहून लग्न होऊन आले, तेव्हापासून याच गल्लीत ब्लाउज शिवते. नवरा एस.टी.त कंडक्टर, आठवड्यातले चार दिवस मुक्कामी गाडीवर, म्हणून भांडायचं काम माझ्याकडे. ते मला जमतंही. सासू म्हणायची, तुझी जीभ मशीनच्या सुईसारखी, थांबली तर दोरा तुटेल.

आम्हाला एकच मुलगी. तिचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला आहे. लोखंडी पट्ट्यांचा बूट घालून चालते, हळू चालते, पण चालते. तिला बघून ‘बिचारी’ म्हणणारं माणूस मी पुन्हा उंबऱ्यात येऊ देत नाही. गल्लीच्या टोकाला नगरपालिकेच्या काळातली दोन खोल्यांची मराठी शाळा आहे. आमचं घर, मग पिठाची गिरणी, मग मारुतीचं देऊळ, मग शाळा. पहिलीच्या दुसऱ्या आठवड्यात पोरगी म्हणाली, “तू येऊ नको, मी एकटी जाते.” मी गिरणीच्या कोपऱ्यापर्यंत लपत गेले. ती शाळेच्या फाटकात पोचली, वळून बघितलं नाही, आत गेली. जगात एकटीनं जाता येईल अशी तिला तेवढी एकच जागा होती.

शाळेत दोन खोल्या, पण चारही वर्ग एकाच खोलीत बसायचे. बाई एकच. पहिलीवाले तोंड इकडे करून, तिसरीवाले तिकडे, चौथीवाले व्हरांड्यात. कारण दुसऱ्या खोलीत भांडी होती.

आमच्या गल्लीची ही रीत बाहेरच्याला सांगावी लागते. घरात माणूस गेलं की वर्षश्राद्धाला ते घर गल्लीला एक मोठं भांडं देतं. पातेलं, परात, कढई, ऐपतीप्रमाणे. त्यावर गेलेल्या माणसाचं नाव कोरलेलं असतं. गल्लीत कोणाचंही लग्न निघालं की हळदीच्या दिवसाची बट्टी, वरण आणि घोटलेली वांग्याची भाजी त्याच भांड्यांत शिजते. म्हणजे गेलेली माणसंही पंगतीला आली, असं समजायचं. कल्पना वाईट नाही. माझ्या सासूचीही परात त्यात आहे. पण ही भांडी ठेवायची कुठे, तर शाळेत. का, तर शाळा कोणाच्या बापाची नाही. माझ्या लग्नाच्या आधीपासून त्या खोलीला कुलूप होतं आणि किल्ली नानांकडे होती.

नाना म्हणजे माझे चुलत सासरे आणि गल्लीचे कारभारी. सत्तरी ओलांडलेले, पांढरी टोपी, पांढरा सदरा, आणि कुठल्याही विषयावर शेवटचा शब्द त्यांचा. घरी आम्ही सगळेच अहिराणी बोलतो. इथं लिहिताना मी बाकीच्यांचं बोलणं साफ केलंय, नानांचं तसंच ठेवते. साफ केलं तर तो माणूस चांगला वाटायला लागतो.

फेब्रुवारीत शाळेला पत्र आलं. बाईंनी ते मला वाचायला दिलं, कारण मी शाळेच्या समितीवर होते. चौथीवाले गेल्यावर उरणारा पट अकरा. वापरात एकच खोली. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा दोन्ही खोल्यांत वर्ग बसत नसतील आणि पट वीसवर गेला नसेल, तर हायवेपलीकडच्या शाळेत समायोजन. समायोजन म्हणे. कुलूप लावणार असं लिहायला कोणाची शाई संपली होती कोण जाणे.

हायवे म्हणजे ट्रकांचा. सिग्नल आहे, पण तो धडधाकट माणसासाठी लावलेला आहे. मी पोरीला घेऊन एकदा ओलांडून बघितला. आम्ही निम्म्यात असताना दिवा बदलला आणि दोन्हीकडून हॉर्न सुरू झाले. पोरीनं माझा पदर असा धरला की पिनेपाशी फाटला.

त्याच महिन्यात गल्लीच्या सुधारणेसाठी निधी आला होता. मारुतीच्या देवळात बैठक भरली. कमान, पेव्हर ब्लॉक, दिवे, आणि शाळेच्या भिंतीवर चित्र, असं ठरत होतं. चित्र कसलं, तर पेन्सिलीवर बसून आकाशात उडणारी मुलगी. मी उठून म्हणाले, “भिंतीवरची मुलगी उडवण्याआधी भिंतीच्या आतल्यांना बसायला जागा द्या. भांडी काढा.”

नाना म्हणाले, “भांडा काय कचरा शे का व? मरेल मानसेसना नाव शेत त्यावर.”

“मग ज्याचं त्यानं घरी न्यावं.”

मग कोणी म्हणे बघू, कोणी म्हणे विचार करू. मी विचारलं, इथं बसलेल्यांपैकी किती जणांची नातवंडं या शाळेत आहेत? एकाचाही हात वर झाला नाही. सगळ्यांची पोरं पिवळ्या व्हॅनमधून इंग्रजी शाळेत जातात, गळ्यात टाय, आणि संध्याकाळी घरी येऊन रिकामा डबा दाखवत आजीला अहिराणीतच ‘बठ्ठं संपलं’, सगळं संपलं, असं सांगतात. नाकानं कांदे सोलणारी माणसं ही. शाळा सुधारायची यांना, पण तिथं शिकायचं कोणी, तर माझ्या पोरीनं आणि भंगार गोळा करणाऱ्यांच्या पोरांनी.

शेवटी माझं तोंड बंद करायला ठरलं की रविवारी सकाळी खोली उघडायची आणि प्रत्येक घरानं आपलं भांडं न्यायचं.

रविवारी सगळे आले. अंघोळ करून, कपडे बदलून आले. नानांनी कुलूप काढलं. लोक आत शिरले, आपापल्या माणसाचं नाव शोधलं, धूळ पुसली, कोणी फूल ठेवलं, कोणी हळदकुंकू लावलं, एक दोन बायका रडल्या. आणि मग एकेक करून सगळे रिकाम्या हातानं बाहेर पडले. मला वाटलं, पोतं किंवा गाडी आणायला गेले असतील. तासभर मी फाटकात उभी होते.

नाना शेवटी बाहेर आले आणि म्हणाले, “दान देयेल वस्तू कोनी परत घरमा लेतस का? पाप शे ते.”

हे त्यांना बैठकीतच माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं. स्वतःचं न्यावं तर दिलेलं दान परत घेतल्याचं पाप, दुसऱ्याचं न्यावं तर परक्याचं मेलेलं माणूस घरात. म्हणजे भांडी जागची हलायची नाहीत, आणि ‘आम्ही तर आलो होतो’ म्हणायला सगळे मोकळे.

माझं डोकं फिरलं. शाळेत खिचडी शिजवणारी अक्का शेजारीच राहते. तिला हाक मारली. कोपऱ्यावरच्या केळीवाल्याची हातगाडी मागून आणली. नाना कुलूप लावायला पुढे झाले, तर मी म्हणाले, “नाना, लावा. मी आणि अक्का आत असताना लावा.” त्यांनी लावलं नाही. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत खेपा केल्या. पळ्या, झारे, वगराळी सोडून त्रेसष्ट भांडी भरली. माझ्या बाहेरच्या खोलीत छतापर्यंत रचली. शिलाई मशीन दाराला टेकलं आणि मी अंग चोरून घरात ये-जा करायला लागले. अक्का जाताना म्हणाली, “एवढी मेलेली माणसं घरात घेतलीस, रात्री भीती नाही वाटणार?” मी म्हणाले, “मेलेल्यांची नाही वाटत. त्यांनी कधी बैठक घेतली नाही.”

दुसऱ्या दिवसापासून गल्लीनं मला वाळीत टाकलं. तोंडानं कोणी काही बोललं नाही, फक्त ब्लाउज यायचे थांबले. गिरणीवर माझा डबा मागे सरकायला लागला. मीही कोणाला विचारलं नाही. बाई, अक्का आणि मी, आम्ही रिकामी झालेली खोली झाडली, चुना मारला, भिंतीवर बाराखडी काढली. पोरगी खाली बसून ब्रश धुऊन देत होती. तिनं विचारलं, “आता आमची शाळा राहील ना?” मी हो म्हणाले. पटाचं मला माहीत होतं, तरी म्हणाले.

मग आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी नानांच्या नातीचं लग्न निघालं.

भाड्यानं भांडी मिळतात, केटरर मिळतो, पैशाचा तर नानांना तोटाच नाही. पण गल्लीच्या मुलीची हळद आणि बट्टी भाड्याच्या पातेल्यात शिजली असती तर नानांचं नाक कापलं गेलं असतं. शिवाय दुसरं एक होतं. त्या भांड्यांत नानांच्या बायकोचं पितळी पातेलं होतं. ते दर अमावास्येला खोली उघडून तेवढं एक पातेलं चिंचेनं घासायचे, हे मी शाळेवरून जाताना कितीतरी वेळा पाहिलं होतं. दुसऱ्या कोणाच्या भांड्याला हात लावायचे नाहीत. आजी तिच्या पातेल्यातून नातीच्या हळदीला येणार, एवढंच त्या माणसाच्या मनात असणार.

ते मला ठाऊक होतं. म्हणूनच मी अडवलं. चांगलं केलं असं म्हणत नाही, पण केलं.

नाना दारात आले. बसायला जागाच नव्हती. उभ्याउभ्या म्हणाले, “भांडा लागतीन.”

“मिळतील की. पट वीस करा. नऊ नावं द्या शाळेत. तुमच्या धाकट्या दोन नातवंडांपासून सुरुवात.”

“तुले काय व्हयनं व? लगीनमा अडावस?”

“तुम्ही शाळेत अडवलंत. लग्न एक दिवसाचं असतं.”

ते रचलेल्या भांड्यांकडे बघून निघून गेले. त्यांचं पातेलं मी मुद्दाम दर्शनी ठेवलं होतं. दोन दिवसांनी बाईंच्या हातात नऊ अर्ज आले, पहिलीत जाणाऱ्या नऊ पोरांचे, सगळ्या कागदपत्रांसकट. मी भांडी दिली. लग्न झालं. मला आमंत्रण नव्हतं. पंगतीचा आवाज घरात येत होता आणि पोरगी विचारत होती की आपण का नाही गेलो. लग्नानंतर भांडी परत माझ्याच दारात आणून टाकली, कारण शाळेच्या खोलीत आता बाराखडी होती. मला वाटलं, जिंकले.

इथं मी चुकले, आणि ही चूक आमच्या गल्लीतलं माणूसच करू शकतं. आमच्याकडे नाव कोरलं की काम झालं असं मानतात. माणूस नसलं तरी नाव आहे म्हणजे माणूस आलं. मी नानांकडे नावं मागितली होती. पोरं मागायची राहून गेली.

जूनमध्ये शाळा उघडली. कमान झाली होती, दिवे लागले होते, पेन्सिलीवरची मुलगी भिंतीवर उडत होती. पंधरा दिवसांनी साहेब तपासणीला आले. दोन्ही खोल्या बघून खूश झाले. मग बाईंनी हजेरी घेतली. जुन्या अकरा जणांनी हजर म्हटलं. नवीन नऊ नावांना कोणी आवाज दिला नाही. बाई एकेक नाव घेत होत्या आणि खिडकीतून समोर गल्लीत ती नऊ पोरं टाय लावून पिवळ्या व्हॅनची वाट बघत उभी होती. साहेबांनी बाहेर जाऊन नानांच्या नातवाला विचारलं, “बाळ, तुझं नाव काय?” त्यानं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, शाबासकी मिळेल अशा आवाजात. साहेबांनी यादीत त्या नावावर काट मारली. त्यांचा राग आला नाही मला. माणूस डोळ्यांनी बघून गेला होता.

जुलैच्या आत शाळेला कुलूप लागलं. बाईंची बदली झाली, अक्काची खिचडी गेली. ती आता दुसऱ्यांच्या घरी पोळ्या लाटते. पोरीनं पहिल्या दिवशी हायवेपलीकडच्या शाळेत जायला नकार दिला. दप्तर घालून, बूट बांधून, आमच्या बंद शाळेच्या फाटकात जाऊन बसली. मी आणायला गेले तर म्हणाली, “इथं मला येता येतं.” मी तिला उचलून घरी आणलं. नऊ वर्षांच्या मुलीला उचलायला नको होतं, तिला ते आवडत नाही. त्या दिवशी मी रडले, हेही सांगून टाकते.

आठ दिवस मी तिला मागून आणलेल्या स्कूटीवर सोडत होते. नवव्या दिवशी नाना दारात आले. मला वाटलं, दोन शब्द बोलायला आले असतील. ते म्हणाले, “शाळानी खोली आते मोकळीच शे. भांडा परत तठेच ठेवी देऊत.”

पोरगी मशीनजवळ बसून बुटाचे पट्टे आवळत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि जे तोंडात आलं ते बोलले.

“नेता येतील. पण एका दिवसाला एक. रोज सकाळी सव्वाआठला यायचं, हिला हायवे ओलांडून शाळेत सोडायचं, तिच्या चालीनं, पायी. संध्याकाळी आणायचं. सोडून आणलं की एक भांडं न्यायचं.”

“मी? मना वय देख ना व.”

“तुमचं वय बघूनच सांगते. तुम्ही दोघं एका चालीनं चालाल.”

मला वाटलं, शिव्या घालून जातील. दुसऱ्या दिवशी आठ वाजून दहा मिनिटांनी ते ओट्याखाली उभे होते, टोपी घालून, हातात काठी. पोरीला म्हणाले, “चाल व माय.” मी मागून गेले, पहिल्या वेळेसारखीच लपत. हायवेला नाना रस्त्यात उतरले, काठी आडवी धरली, आणि दिवा बदलला तरी हलले नाहीत. ट्रक थांबला, त्याच्या मागचे थांबले. हॉर्न वाजत राहिले. एक ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, तर नानांनी त्याला आईवरून अशी शिवी घातली की तसली मी त्यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. पोरगी सावकाश पलीकडे गेली.

संध्याकाळी ते पहिलं भांडं घेऊन गेले. परात होती ती, आणि तिच्यावर दुसऱ्याच कोणाचं नाव होतं. मी देईन ते घ्यायचं, असा माझा नियम होता.

तेव्हापासून रोज असंच चाललंय. सुट्ट्या सोडून. पावसात ते छत्री तिच्या डोक्यावर धरतात आणि स्वतः भिजतात. पोरगी त्यांना वर्गातलं सगळं सांगते, मला सांगत नाही, आणि मला त्याचा राग येतो. परवा ते दोघं दारात येताना हसत होते. कशाला म्हणून विचारलं तर दोघांनी एकदम काही नाही म्हटलं. मी नानांशी अजून कामापुरतंच बोलते. त्यांनी माफी मागितलेली नाही, मी मागायला सांगितलेलं नाही. शाळेच्या खोलीत माझ्या हातच्या बाराखडीला टेकून पुन्हा पातेली रचली जातायत, ते मी शाळेच्या खिडकीतून बघते. क च्या ओळीपर्यंत आली आहेत.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तिसऱ्या आठवड्यात बासष्टावं भांडं गेलं. बाहेरची खोली रिकामी झाली, मशीन परत खिडकीखाली गेलं. एकच पितळी पातेलं उरलं आहे, कोपऱ्यात, चिंध्यांच्या गाठोड्याशेजारी. नानांनी त्या संध्याकाळी तिकडे बघितलं आणि म्हणाले, “एक राह्यनं.”

मी म्हणाले, “हो.”

“ते?”

“ते अजून नाही.”

नाना पातेल्यापाशी खाली बसले, खिशातून चिंच काढली, माझ्याकडून पाणी मागून घेतलं आणि तिथंच घासायला लागले. अमावास्या होती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. घासून झाल्यावर पदरानं पुसावं तसं उपरण्यानं पुसलं आणि जागच्या जागी ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले, नेण्यासारखं काही ठरलेलं नसताना. त्याच्या पुढच्या दिवशीही आले. गल्लीत बोलतात की कंडक्टरच्या बायकोनं म्हाताऱ्याच्या बायकोला ओलीस ठेवलंय. बोलू देत, खोटं नाही ते. नवराही म्हणतो, आता देऊन टाक, पातेलं घरात नसलं तरी ते येतील.

येतीलही. पण पोरगी चौथी पास होईपर्यंत मी ते पातेलं देऊन बघणार नाही.